पाग, बोकशी, खोईन, डोल : रायगडातली पारंपरिक जाळी-सापळे आणि त्यांच्या भोकांचा हिशेब

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की आपल्या जिल्ह्यात त्या रात्री अर्धा गाव जागा असतो. ओढ्याला गढूळ पाणी येतं, शेताच्या खाचरांतून ते खळखळत खाली उतरतं आणि त्याच पाण्याला उलटे मासे वर चढायला लागतात. याला कुठे वलगण म्हणतात, कुठे चढण. पूर्वी लोक कंदील आणि मशाली घेऊन जायचे, आता डोक्याला टॉर्च बांधून जातात. कुणाच्या हातात पाग, कुणाच्या हातात कोयता, कुणाकडे नुसती बादली.

यंदाही गेलो होतो. आमच्या ओढ्यावर खालपासून वरपर्यंत सहा ठिकाणी अडवणूक होती. सहापैकी चार ठिकाणी चक्क मच्छरदाणी बांधलेली. बांबूची खोईन एकही नव्हती. आमच्या माळ्यावर आजोबांच्या हातची एक खोईन अजून लटकते, पण ती आता घरातल्या पोरांना काय आहे हेही सांगावं लागतं. म्हणून हा लेख. डोंगराकडच्या ओढ्यापासून समुद्रापर्यंत आपल्याकडे कोणकोणती जाळी आणि सापळे वापरतात, ते कसे चालतात, त्यात काय सापडतं, हे एका ठिकाणी लिहून ठेवावं म्हटलं. नावं दर दोन गावांना बदलतात. तुमच्याकडे वेगळं नाव असेल तर तेही बरोबरच.

आधी एक शब्द समजून घ्या : आस

जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदावरही हाच शब्द असतो. जाळं केवढं लांब, केवढं रुंद, यापेक्षा त्याचा आस केवढा, यावर कोणता मासा अडकणार आणि कोणता सुटणार हे ठरतं. जुने लोक आस बोटांनी मोजायचे. एक बोट जाईल, दोन बोटं जातील, चार जातील, असं. बांबूच्या सापळ्याला आस नसतो, तिथे दोन कामट्यांमधली फट हाच आस. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

ओढे आणि शेतातले सापळे

खोईन. बांबूच्या बारीक कामट्यांचा लांबट, निमुळता पिंजरा. तोंड रुंद, शेपटी बांधून बंद केलेली. कामट्या केवणीच्या सालीने किंवा सुंभाने गुंफायच्या. हल्ली नायलॉनची दोरी वापरतात. खरी खुबी तोंडात असते. तोंडातून आत जाणारा दुसरा छोटा नरसाळ्यासारखा भाग असतो आणि त्याच्या कामट्यांची टोकं मोकळी, आतल्या बाजूला वळलेली. मासा आत शिरताना त्या कामट्या वाकतात, परत फिरला की टोकं अंगाला टोचतात. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. काही खोईनी नरसाळ्याशिवायच्या असतात. त्या पाण्याच्या जोरावर चालतात, धार एवढी असते की आत गेलेला मासा मागे फिरू शकत नाही.

लावायची पद्धत साधी आहे. ओढ्याला किंवा खाचराच्या तोंडाला दगड, माती, पेंढा टाकून बांध घालायचा, मध्ये एकच वाट ठेवायची आणि तिथे खोईन बसवायची. पहाटे उठून काढायची. मुरी, खवल, शिंगटी, कधी वाम, शिवाय खेकडे.

खोईनीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा, सगळं त्यात आलं. तोंड खालच्या अंगाला असेल तर वर चढणारे मासे सापडतात, म्हणजे जूनमधले, पोटात गाबोळी असलेले. तोंड वरच्या अंगाला असेल तर अंडी घालून परत उतरणारे मासे सापडतात, म्हणजे पावसाच्या पुढच्या दिवसांतले. सापळा तोच, बांबू तोच. पण एकात पुढच्या वर्षीचं बी जातं आणि दुसऱ्यात बी टाकून झालेला मासा येतो. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कीव. ही कामट्यांची चटई. ओढ्याला जिथे छोटी उडी आहे, तिथे तिरकी बसवायची. पाणी फटीतून खाली गळतं, धारेबरोबर आलेला मासा चटईवर पडून राहतो. कुठे हिलाच मळ म्हणतात. ही मुख्यतः उतरणीच्या माशांसाठी. कामट्यांची फट करंगळीएवढी असेल तर बोटभर पिल्लू पाण्याबरोबर खाली निघून जातं.

उपसा. पावसाळा सरला की ओढ्यात डबकी राहतात. वरून पाणी अडवायचं, डबकं घमेल्याने उपसायचं आणि तळातले मासे हाताने वेचायचे. कातकरी वाड्यांवरच्या बायका-पोरांचं हे ठरलेलं काम. कातकरी समाजाकडे माशांचं आणि खेकड्यांचं जे ज्ञान आहे ते आपल्या शेतकऱ्यांकडेही नाही. कोणत्या दगडाखाली कोण आहे, ते पाण्याचा रंग बघून सांगतात.

गेळ आणि रामेठा. हा सापळा नव्हे, पण पारंपरिक म्हणून सांगायला हवं. गेळफळ ठेचून किंवा रामेठ्याची साल कुटून डबक्यात कालवली की मासे गुंगून वर येतात. पण पाण्यातलं लहान-मोठं सगळं त्यात सापडतं. जुनं आहे म्हणून सगळं चांगलंच असतं असं नाही, हेही लिहून ठेवतो.

खाडीतली जाळी

पाग. फेकायचं गोल जाळं. नदी, खाडी, तळं, कुठेही चालतं. काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, मध्याला दोरी. जाळ्याचा घोळ अर्धा खांद्यावर, अर्धा हातावर घेऊन कंबरेतून गिरकी मारून फेकायचं. नीट पडलं तर पाण्यावर थाळीसारखं गोल उघडतं, शिसं आधी बुडतं आणि मासे खाली कोंडले जातात. मग दोरी हळूहळू ओढायची. काठ आतल्या बाजूला दुमडून खोळी केलेली असते, मासे त्यात जमा होतात. बोईट, खरबा, कोळंबी, नशीब असेल तर जिताडा. पाग शिकायला दोन पावसाळे जातात. पहिल्या महिन्यात जाळं केळ्यासारखं लांबट पडतं आणि काठावरचे हसतात. पागेचं चांगलं एवढंच की एका वेळी एका माणसाच्या ताकदीइतकंच पाणी झाकता येतं. नको ते पोर जिवंत परत सोडता येतं.

आसू. दोन काठ्यांना लावलेलं हातजाळं. कंबरभर पाण्यात उतरून पुढे ढकलत न्यायचं आणि उचलायचं. कोळंबी, करंदी, जवळा यासाठी. आगरी आणि कोळी बायका ओहोटीला खाडीत उतरतात तेव्हा कमरेला टोपली आणि हातात हे जाळं. त्या दिवसाचं कालवण निघालं आणि दोन वाटे विकायला झाले की काम झालं.

बोकशी. डोल जाळ्याची ही धाकटी बहीण. पिशवीसारखं निमुळतं जाळं, खाडीच्या अरुंद वाटेवर दोन खुंटांना बांधायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडे. ओहोटी लागली की पाण्याबरोबर जे येईल ते शेपटात जमा. आस बारीक असतो, कारण मुख्य माल कोळंबी आणि जवळा.

वाणा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळात काठ्यांची रांग रोवायची, जाळं पायथ्याशी गाळात दाबून ठेवायचं. भरतीचं पाणी वरून निघून जातं, मासे काठाकडे चरायला येतात. भरती पूर्ण झाली की जाळं उचलून काठ्यांना बांधायचं. पाणी उतरतं, मासे मागे राहतात. या कामाला चिखल तुडवणारे चार गडी लागतात.

पगोळी. काही गावांत फग. लोखंडी कडीला जाळं, मध्ये माशाचं डोकं किंवा कोंबडीची आतडी बांधायची आणि दोरीने तळाला सोडायची. चिंबोरी खायला बसली की झटकन वर. चिंबोरी जिवंत हातात येते, म्हणून अंडी असलेली मादी परत पाण्यात टाकणं सोपं असतं. टाकतात किती, हा प्रश्न वेगळा.

उघाडीवरची मासेमारी : इथे शेतकऱ्याचा संबंध येतो

पेण-अलिबागचा खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून केलेली भातशेती. या बांधाला पाण्याचा निचरा व्हायला दार असतं, ती उघाडी. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने फळी बाहेर ढकलली जाते, भरतीला खाडीचं पाणी ती दाबून बंद करतं. दिवसातून दोनदा हे आपोआप चालतं. ओहोटीला उघाडीतून पाणी जोराने निघतं तिथे पिशवीजाळं लावलं की शेतात वाढलेले मासे आणि कोळंबी आयती मिळते. पावसाच्या सुरुवातीला गाबोळीने भरलेली चिवणीही याच सुमारास खाडीकाठी सापडते आणि बाजारात तिला मागेल ती किंमत येते.

निचऱ्याच्या पाण्यावर जाळं लावलं तर शेताचं काही बिघडत नाही. भानगड होते ती फळी अडकवून ठेवली की. भरतीचं पाणी आत घेतलं तर त्याबरोबर जास्त मासळी आत येते, म्हणून कोणी कोणी रात्री फळीत लाकूड घालतं. एका वर्षी आमच्या भागात असंच झालं. नेमकं उधाण होतं. सकाळी बांधावर गेलो तर आवणात खारं पाणी चमकत होतं. कुणी केलं ते कळलं नाही, आता कळून उपयोगही नाही. माझं एक खाचर त्यानंतर दोन पावसाळे धड पिकलं नाही, मीठ धुऊन जायला तेवढा वेळ लागला. एका रात्रीची कोळंबी आणि दोन वर्षांचा भात. गोव्याच्या खाजण शेतीत उघाडीला मानस म्हणतात, तिथेही शेतकरी आणि मासळीवाले यांच्यात हाच वाद चालतो.

समुद्रातली जाळी

डोल. उरण-करंजापासून मुरूडपर्यंत आपल्या किनाऱ्याची ओळख म्हणजे डोल. पुढे मुंबई, पालघर आणि गुजरातच्या सौराष्ट्रापर्यंत हेच जाळं. शंभर-दीडशे फुटांहून लांब नरसाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून किंवा जड वजनं सोडून ते एका जागी धरून ठेवतात. तोंड पाण्याच्या ओढीकडे. तोंडाशी आस एवढा मोठा की हात सहज जातो, मागे मागे लहान होत शेपटाच्या खोळ्याशी करंगळीही जात नाही. जाळं कुणाच्या मागे धावत नाही, पाणीच मासे आणून देतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. वलांडीवर वाळणारा बोंबील बहुतेक डोलीचाच.

डोलीला डिझेल कमी लागतं, तळ खरवडला जात नाही. पण शेपटाचा आस बारीक, त्यामुळे पापलेटची बोटभर पिल्लंही बोंबलाबरोबर येतात. बाजारात त्यांचा वाटा वीस-तीस रुपयांना जातो. तेच पोर मोठं झालं तर एका नगाला किती मिळाले असते, हा हिशेब कोळीणबाईला आपल्यापेक्षा चांगला कळतो. पण शेजारच्याच्या जाळ्यात येणारच असेल तर आपण का सोडायचं, असं तिचं म्हणणं. तेही खोटं नाही.

वावरी. पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं. वरच्या दोरीला तरंगे, खालच्या दोरीला वजनं. माशाचं डोकं आसातून आत जातं, अंग जात नाही आणि मागे यायला गेला की कल्ले अडकतात. आसापेक्षा लहान मासा पार निघून जातो, फार मोठा आपटून परत जातो. म्हणून आस ठरवला की मासा ठरतो. पापलेट, सुरमई, रावस यांसाठी वेगवेगळ्या आसाची जाळी ठेवतात. आज जी जाळी आहेत त्यांत निवडक मासेमारी करणारं सगळ्यात चांगलं जाळं हेच.

रापण. हे खरं दक्षिण कोकणचं, सिंधुदुर्गाचं. होडीतून अर्धगोल फिरवून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नास-पन्नास माणसांनी ओढायचे. मासळीचे वाटे दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला. एकट्याने करायचं काम नाही, म्हणून रापण म्हणजे जाळं आणि रापण म्हणजे ती माणसांची संघटनाही.

भरतीचं गणित, पाठ करून ठेवा

खाडी आणि डोलीचं सगळं काम पाण्याच्या ओढीवर आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, ओढ जोरात, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, जाळं रिकामं.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत : तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला पंधरा धरून सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराकडे झुकते. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. तासभर मागेपुढे होतं, पण मोबाईलला रेंज नसेल तेव्हा कॅलेंडरवर काम भागतं. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकी.

जाळं पूर्वी कशाचं असायचं

सुताचं, सणाचं. घरातली म्हातारी माणसं पावसाळ्यात ओटीवर बसून बांबूच्या सुईने विणायची. आस सारखा यावा म्हणून लाकडी पट्टी मापाला. सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढायचे. त्याने तांबडा रंग यायचा आणि जाळं टिकायचं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तरंगे, भाजलेल्या मातीची किंवा दगडाची वजनं.

साधारण १९६० नंतर नायलॉन आलं आणि कष्ट वाचले. वाळवायचं नाही, उकळायचं नाही, कुजायची भीती नाही. मग तंगूस आलं. पाण्यात दिसत नाही, स्वस्त आहे, दुकानात तयार मिळतं. पण सुताचं जाळं समुद्रात हरवलं तर काही महिन्यांत कुजून जायचं. तंगूस हरवलं तर वर्षानुवर्षे तिथेच राहतं आणि मालक नसताना मासे मारत राहतं. आमच्या खाडीत तिवरांच्या मुळांत असे गुंते दर ओहोटीला दिसतात, त्यात चिंबोऱ्या मरून पडलेल्या असतात.

आता काय चाललंय आणि कायदा काय म्हणतो

यांत्रिक बोटींना पावसाळ्यात समुद्रात बंदी असते, गेली बरीच वर्षे १ जून ते ३१ जुलै. कारण हाच माशांच्या अंड्यांचा काळ. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी राज्याने अनेक जातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. त्याखालचा मासा पकडायचा नाही. स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. म्हणजे ओढ्यात जिलेटिन टाकणारे आणि पाण्यात औषध ओतणारे सव्वाशे वर्षांपूर्वीच्याच कायद्यात बसतात.

पण ओढ्यावर बघायला कोण येतो? बॅटरी आणि इन्व्हर्टर पाठीला लावून पाण्यात करंट सोडणारे येतात. ऑनलाइन मागवलेले, छत्रीसारखे उघडणारे जाळीचे पिंजरे आलेत. आणि सगळ्यात सोपी, घरात पडलेली मच्छरदाणी.

मच्छरदाणीबद्दल दुसऱ्याला बोलायचा मला अधिकार नाही, हे कबूल करतो. पंधराएक वर्षांपूर्वी मीही लावली होती. खोईन विणायला आठवडा लागतो, मच्छरदाणीला दहा मिनिटं. सकाळी घमेलंभर माल होता. त्यात खाण्यासारखे मासे दोन मुठी, बाकी सगळी तांदळाएवढी पिल्लं. बायको म्हणाली हे निवडायचं कुणी. शेवटी कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनीही अर्धी टाकली.

आजोबांची खोईन माळ्यावरून काढून बघितली तेव्हा ध्यानात आलं. दोन कामट्यांत बोट जाईल एवढी फट आहे. त्यांनी ती पिल्लं सोडायच्या हिशेबानेच ठेवली असेल असं मी म्हणणार नाही. बांबू तेवढाच बारीक निघतो, आणि बारीक फटीत पालापाचोळा अडकून बांध फुटतो, हेही कारण असेल. पण कारण काही असो, लहान मासा निघून जायचा आणि दुसऱ्या वर्षी परत यायचा.

करता येण्यासारखं

ओढ्यावर कुणाला बंदी घाला असं म्हणणं नाही. पावसाच्या त्या दोन महिन्यांत समुद्रातली मासळी महाग असते. कातकरी वाडीला आणि आपल्यासारख्या घरांना या माशांचा आधार असतो. एवढंच करता येईल :

एक, मच्छरदाणी बंद. जाळं किंवा कामटी, फट निदान करंगळीएवढी.

दोन, चढणीच्या पहिल्या चार-पाच रात्री ओढा पूर्ण अडवायचा नाही, एका बाजूने हातभर वाट मोकळी ठेवायची. खोईन उतरणीला लावा, तेव्हाही मासा मिळतो.

तीन, करंट, जिलेटिन, औषध दिसलं तर गावात बोला. गावाने ठरवलं तर खात्याची वाट बघावी लागत नाही.

चार, उघाडीची फळी हा शेताचा दरवाजा आहे. जाळं लावा, फळीला हात लावू नका.

आणि गावात खोईन विणणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर या पावसात एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. आमच्या वाडीवर एकच जण उरलाय. दिवाळीनंतर बांबू तोडू, मग शिकवतो म्हणालाय. ओला बांबू तोडला तर कीड लागते, हे पहिलं त्याने सांगितलं.